मदत हवी आहे: आईचा ८० वा वाढदिवस, पण हिब्रू तिथी कुठली धरायची?

नमस्कार मंडळी. आम्ही ठाण्याचे बेने इस्रायली, म्हणजे महाराष्ट्रातले ज्यू. २०२७ मध्ये आईला ८० वर्षं पूर्ण होतील. केक नातवंडं आणतीलच. आईला मात्र हिब्रू तिथीला तफिला (प्रार्थना) आणि घरी मलिदा (गोड पोह्यांचा आभारविधी) हवा आहे.

घोळ तिथीचा आहे. आजोबांच्या वहीत ‘२६ फेब्रुवारी १९४७, बुधवार, सायंकाळी साडेसहा, मुंबई’ एवढंच लिहिलंय. आपला दिवस बदलतो सूर्यास्ताला, आणि त्या काळी मुंबईत दोन वेळा चालायच्या: भारतीय प्रमाणवेळ आणि तिच्या ३९ मिनिटं मागे असलेली मुंबई वेळ. प्रमाणवेळ धरली तर सूर्य मावळायचा होता, म्हणजे ६ अदार (हिब्रू महिना). मुंबई वेळ धरली तर काळोख पडला होता, म्हणजे ७ अदार, प्रेषित मोशेच्या (मोझेसच्या) जन्माची आणि मृत्यूचीही तिथी! आईचा जीव तिच्यातच अडकलाय. पण आवडते म्हणून तिथी निवडायची, हे मला पटत नाही.

त्यात २०२७ मधलं हिब्रू वर्ष ५७८७ हे अधिक महिन्याचं, म्हणजे दोन अदारांचं वर्ष. ७ अदार एकदा १४ फेब्रुवारीला येते आणि पुन्हा १६ मार्चला. साध्या वर्षाच्या अदारात जन्मलेल्या मुलाचं बार मित्झ्वा (तेरा वर्षं पूर्ण झाल्यावरचा संस्कार) दुसऱ्या अदारात करतात. आईलाही तोच नियम लावायचा का?

मामांचा तर या सगळ्यालाच विरोध. तोरात (आपल्या धर्मग्रंथात) वाढदिवस एकाच माणसाचा, तो इजिप्तच्या राजाचा, फारोचा, आणि त्या दिवशी एकाला फाशी झाली, असं ते म्हणतात. खरं आहे. पण तालमूदमध्ये (धर्मगुरूंच्या चर्चांच्या ग्रंथात) रब्बी योसेफनं साठी पूर्ण झाल्यावर विद्वानांना जेवण घातलं, कारण अकाली मरणाच्या शिक्षेचं वय टळलं होतं. न्यूयॉर्कच्या लुबाविच रेब्बींनीही (लुबाविच या ज्यू पंथाच्या गुरूंनी) १९८८ मध्ये, पत्नी गेल्यानंतर साधारण महिन्याभराने आलेल्या तिच्या वाढदिवशी, सगळ्यांना आपापला वाढदिवस पाळायला सांगितलं: त्सेदाका (दान) द्यायचा, तोराचा अभ्यास वाढवायचा, गेल्या वर्षाचा हिशेब एकांतात स्वतःशी मांडायचा. जन्म झाला म्हणजे आत्म्याला इथे काहीतरी काम नेमून दिलंय, ही त्यामागची समजूत.

मला हेच आईपर्यंत पोचवायचंय. बाबा गेल्यापासून ती सारखी म्हणते, “आता माझं काय काम उरलंय?” फारोपुढे उभा राहिला तेव्हा मोशे ८० वर्षांचाच होता. त्याचं मोठं काम तिथून सुरू झालं. मलिद्याच्या वेळी मी यावर चार शब्द बोलणार आहे.

जाणकारांनी कृपया सांगावं: १९४७ मध्ये मुंबईतल्या आपल्या घरांतून जन्मवेळ कुठल्या घड्याळानं लिहीत? कुणाकडे तेव्हाच्या वह्या आहेत का? आणि ८१ वं वर्ष लागतं म्हणून तेहिलीम (स्तोत्र) ८१ वाचायचं, की ८०? वेळ ठरवता आलीच नाही तर दोन्ही दिवस पाळले तर चालेल का?