विहिरीच्या पाण्याला वास येतोय. आरओ घ्यावा का? (मये, डिचोली, गोवा)

तळ्याकाठची: नमस्कार. आमचं घर मयेला, तळ्यापासून चालत पाच मिनिटांवर. विहीर आजेसासऱ्यांनी जांभ्यात खणलेली. नळ आहे, पण स्वयंपाकाला बांयचंच (विहिरीचंच) पाणी. पहिल्या पावसानंतर त्याला कुबट वास येतोय. सासूबाई आणि धाकटा, दोघांचं पोट बिघडलं. वरच्या अंगाला पर्यटकांसाठी खोल्या झाल्यात, त्यांचा शोषखड्डा आमच्या कुंपणाला लागून. फिल्टरवाल्याने ग्लासात दोन सळ्या घालून पाणी तपकिरी करून दाखवलं आणि अठरा हजारांचा आरओ सांगितला. घ्यावा का?

रेतीबंदर: यूव्ही (अतिनील किरणांनी जंतू मारणारा फिल्टर) बसवा, विषय संपला. आमच्याकडे पाच वर्षं चाललंय.

बांयकार: बाय, आधी त्या सळ्यांचं. पाण्यात क्षार असले की वीज सोडल्यावर लोखंडी सळीच झिजते, तो तिचा गंज. तुमच्या पाण्याची घाण नव्हे. त्याच्याकडचा टीडीएस मीटरही जंतू दाखवत नाही, फक्त विरघळलेले क्षार.

पाणी प्रयोगशाळेत द्या. बाटली त्यांच्याकडूनच निर्जंतुक केलेली घ्या, आतून विसळू नका, बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवा. ई-कोलाय (विष्ठेतले जंतू) आणि नायट्रेट (मैल्यातून पाण्यात उतरणारा क्षार) दोन्ही तपासायला सांगा. पिण्याच्या १०० मिली पाण्यात ई-कोलाय अजिबात सापडता कामा नये, नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या आत हवं. नायट्रेट जास्त निघालं तर ते पाणी तान्ह्या बाळाला देऊ नका. उकळून ते जात नाही, उलट दाट होतं. यूव्हीनेही जात नाही, रेतीबंदर.

शोषखड्डा विहिरीपासून किमान १५ मीटर हवा म्हणतात. पण आपला चिरा, म्हणजे जांभा, म्हणजे चाळण. पावसात पाणी त्याच्या भोकांतून धावतं, १५ मीटरचा भरवसा मी तरी धरणार नाही. आणि पंप जितका जास्त चालवाल तितकं खड्ड्याचं पाणी तुमच्याकडे ओढलं जाईल. म्हणून भर पावसात विहीर उपसायला जाऊ नका. बाहेरची माती भिजून जड झालेली असते, आतलं पाणी काढलं तर चिऱ्याची बांधणी ढासळू शकते. उपसा एप्रिल-मेमध्ये, तोही खड्ड्याचा बंदोबस्त झाल्यावर.

तोवर प्यायला नळाचं पाणी, तेही उकळून.

चिखलीकर: वास रॉकेलसारखा नाही ना? २०२३ साली आमच्या भागात विहिरींत पेट्रोल उतरलं होतं. तसलं काही असेल तर पंपाचं बटणसुद्धा दाबू नका.

तळ्याकाठची: नाही हो, गटारासारखा. रिपोर्ट आला. ई-कोलाय आहे, नायट्रेट ३१. म्हणजे नायट्रेट हद्दीत, बरोबर? ब्लीचिंग पावडर किती घालू? विहीर ३ मीटर व्यासाची, पाणी ४ मीटर. खोल्यांचे मालक नात्यातलेच, त्यांच्याशी कसं बोलायचं तेही सांगा.

बांयकार: नायट्रेट हद्दीत आहे, पण खड्डा तसाच राहिला तर चढेल. पावडरचा हिशोब: व्यासाचा वर्ग गुणिले खोली गुणिले ०.७८५. तुमचं सुमारे २८ हजार लिटर. चांगली ताजी पावडर हजार लिटरला अडीच ग्रॅम, म्हणजे साधारण ७० ग्रॅम. बादलीत कालवा, चुना खाली बसू द्या, वरचं निवळ पाणीच विहिरीत सोडून पोहऱ्याने ढवळा. तासाभराने क्लोरीन किटवर उरलेलं क्लोरीन लिटरला ०.५ मिलिग्रॅम दिसायला हवं. पाणी गढूळ असेल तर जास्त लागेल. पण खड्डा झिरपतोय तोवर ही चार दिवसांची सोय, म्हणून पिऊ मात्र नका.

नातेवाइकांना घरी बोलावून रिपोर्ट हातात द्या. पक्की टाकी बांधून मैला टँकरने नेणं हा त्यांचा खर्च. ऐकलं नाही तर पंचायत आणि आरोग्याधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज, पोच घेऊन. १९८५ च्या सार्वजनिक आरोग्य कायद्याखाली ते नोटीस काढू शकतात.

तळ्याकाठची: देव बरें करूं. रविवारी बोलावलंय त्यांना. विहिरीत मलेरियावाल्यांनी सोडलेले गप्पी मासे आहेत, त्यांचं काय?

बांयकार: क्लोरीनने मरतील. आधी जाळीने काढून टिपात ठेवा, टिपात विहिरीचंच पाणी. किटवर शून्य आलं की परत सोडा.