'पर्यटकांना न दिसणारी आफ्रिका' : म्हणजे नक्की कोणाला न दिसणारी?

भटकभवानी
काल इथे 'दोघं, एक गाडी, चार देश : पर्यटकांना न दिसणारी आफ्रिका' हा लेख आला. प्रतिसाद द्यायला बसले आणि तो एवढा लांबला की वेगळा धागा काढावा लागला. जोडप्याबद्दल आकस नाही. फोटो झकास आहेत.

पण नामिबियाच्या राजधानीत, विंडहुकला गाडी घ्यायची, सोसुस्व्लेईच्या लाल टेकड्या, स्वाकोपमुंड, एतोशा, ईशान्येकडच्या कॅप्रिव्हीच्या पट्टीतून बोत्स्वानातलं चोबे आणि शेवटी व्हिक्टोरिया धबधबा, हा तर हमरस्ता! टपावर तंबू बांधलेल्या पांढऱ्या गाड्या याच वाटेने एकामागून एक जातात. यात न दिसणारं काय होतं?

स्वाकोपमुंडबद्दल लेखात आहे, 'आफ्रिकेतलं इवलंसं जर्मनी, बेकरीतला केक खाऊन तृप्त झालो.' त्याच गावाच्या कडेला वाळूत बिननावाच्या थडग्यांच्या ओळी आहेत. नामिबिया जर्मनांची वसाहत होती तेव्हा, १९०४ ते १९०८ या काळात, त्यांनी इथल्या हेरेरो जमातीचे सुमारे ६५,००० आणि नामा जमातीचे १०,००० लोक मारले. फोन ट्रोथा नावाच्या सेनापतीने तर हेरेरोंना संपवण्याचा लेखी हुकूमच काढला होता. लुडेरिट्झजवळच्या शार्क आयलंडसारखी छळछावणी स्वाकोपमुंडलाही होती. जर्मनीने 'वंशसंहार' हा शब्द अधिकृतपणे उच्चारायला २०२१ साल उजाडलं. केक खा हो, पण एक ओळ?

आणि ज्यावरून माझं डोकं फिरलं ते हे: 'परतताना मुरुरानीच्या नाक्यावर आमचं मटण काढून घेतलं, बहुतेक त्यांच्याच चुलीवर गेलं असेल.' देशाच्या मधोमध नाका का आहे, हा प्रश्न पडला नाही?

दोघंभटके (ती)
ताई, आम्ही प्रवासवर्णन लिहिलंय, प्रबंध नाही. सुट्टी आमची, पैसे आमचे. घरचे म्हणत होते आफ्रिकेत गाडी चालवू नका, लुटतील, मारतील. आम्ही गेलो, सुखरूप आलो, आणि लोक किती साधे आहेत ते लिहिलं. गैरसमज दूर करणं हे काहीच नाही का? याची कंबर धरली तेव्हा अर्ध्याहून जास्त रस्ता मी चालवलाय. मटणाची पावती दिली नाही हे खरं आहे आणि मी ते लिहिणारच.

टायरकाका
वाद चालू द्या. खडीवर हवा किती ठेवली होती? लेखात दोन पंक्चरं वाचली. गाडी भाड्याने देणारे भरून देतात तेवढ्याच हवेवर डी रस्त्याने, म्हणजे तिथल्या खडीच्या आडरस्त्याने, ऐंशीच्या वर पळवलं तर दुसरं काय होणार.

दोघंभटके (तो)
काका, १.८ बार. आणि ऐंशीच्या वर नाही.

टायरकाका
मग दोन पंक्चरं कशी?

विंडहुककर
बारा गावचं पाणी पिऊन इथे नोकरीला आलोय, राहवत नाही म्हणून लिहितो. ताईंचा संताप रास्त आहे, पण त्यांनी १९०४ पासून सुरुवात केली. सुरुवात बुळकांडीपासून करा. १८९६ मध्ये उत्तरेकडून गुरांची साथ येतेय म्हणून जर्मनांनी देशाला आडव्या चौक्या बसवल्या. साथ आलीच. १८९७ मध्ये हेरेरोंचे गोठे रिकामे झाले, आणि ज्यांचं सगळं गुरांवर होतं त्यांच्या जमिनी गोऱ्यांच्या हाती जाऊ लागल्या. पुढच्या उठावाचं मूळ त्यातही आहे.

त्या चौक्यांच्या मागावरच १९६० च्या दशकात प्रत्यक्ष तार लागली. इथे तिला रेड लाइन म्हणतात. देशातली निम्म्याहून जास्त माणसं तिच्या उत्तरेला राहतात. त्यांचं कच्चं मांस असंच उचलून दक्षिणेत आणता येत नाही. नामिबियाने २०२० मध्ये अमेरिकेला गोमांस पाठवलं, आफ्रिकेतला असा पहिला देश म्हणून केवढं कौतुक झालं. ते सगळं तारेच्या खालचं.

माझ्या ऑफिसातला एक मुलगा तारेच्या वरच्या ओंडांग्वाकडचा. बापाकडे मोठा कळप, गावात त्यावरूनच घराण्याची पत. लग्न विंडहुकला झालं तेव्हा मांडवात मटण बाजारातून विकत आणलेलं. बाप जेवला नाही. पोट बिघडलंय म्हणाला.

दोघंभटके, तुमची मटणाची एक पिशवी गेली. त्याची पावती मागताय.

निफाडचा नाना
हे वाचून अंगावर काटा आला. माल तयार, गिऱ्हाईक तयार, मधे सरकारची तार! आम्हाला ८ डिसेंबर २०२३ ला असंच झालं. रात्रीतून कांद्याची निर्यात बंद. त्याआधी ऑगस्टात चाळीस टक्के शुल्क होतंच. मे महिन्यात उठवली तीसुद्धा टनाला ५५० डॉलर किमान दर आणि पुन्हा चाळीस टक्के लावून. आमच्या चाळीत कांदा सडला. त्याचं प्रवासवर्णन कोण लिहिणार?

कोथरूडची काकू
नाना, इथेही कांदा? धागा आफ्रिकेचा आहे. आणि भाव चढतो तेव्हा आम्ही पाव किलोवर भागवतो, तेव्हा तुम्ही कुठे असता?

निफाडचा नाना
शेतात असतो काकू. तुम्ही पाव किलोवर भागवता, आम्ही कर्जावर.

विंडहुककर
नाना, मुद्दा कळतो, पण तुलना बसत नाही. तुमची बंदी दर पाडायला होती. ही तार आता लाळ्या-खुरकुतासाठी आहे. उत्तरेकडच्या रानरेड्यांमध्ये तो विषाणू असतो. साथ खाली उतरली तर निर्यात एका रात्रीत बंद आणि दक्षिणेतला शेतकरीही बसला. बोत्स्वानातही अशीच कुंपणं आहेत. वाटेत बुटांचे तळवे औषधात बुडवायला लावतात ते गंमत म्हणून नव्हे.

निफाडचा नाना
साहेब, बुळकांडी २०११ मध्ये जगातून संपल्याचं जाहीर झालं. तार तिथेच. एक रोग गेला की दुसऱ्याचं नाव. दक्षिणेतली मोठी शेतं कोणाची? गोऱ्यांची ना? मग माल कोणाचा वाचतो आणि कोणाचा अडतो, हे राजकारण नाही तर काय आहे? लस द्या, तपासा, शिक्का मारा, पण विकू द्या.

विंडहुककर
बरं. शेतांबद्दल तुमचं खरं आहे, जमिनीचा प्रश्न इथे अजून पेटता आहे. तार काढा म्हणणारे इथेही आहेत, कोर्टाची पायरीही चढले आहेत. पण रोग खोटा आहे असं म्हणाल तर ते मान्य नाही.

निफाडचा नाना
खोटा कुठे म्हटलं? सोयीचा म्हटलं.

कोथरूडची काकू
दोघांचं पटलेलं दिसतंय, आता कांदे कोण पाठवतंय नामिबियाला?

दोघंभटके (तो)
दिवसभर आम्हाला धुतल्याबद्दल आभारी आहे. लेखातलं 'बहुतेक त्यांच्याच चुलीवर' काढून 'बहुतेक भट्टीत' केलं आहे. थडग्यांची ओळ टाकली आहे. जर्मनीने तीस वर्षांत द्यायच्या ठरवलेल्या ११० कोटी युरोंचीही टाकू का, की तेवढ्यावर भागेल?

भटकभवानी
टाका की. ती मदत 'विकासासाठी' आहे, भरपाई म्हणायची जर्मनीची तयारी नाही, आणि वाटाघाटीत आम्हाला बसवलं नाही म्हणून अनेक हेरेरो-नामा पुढाऱ्यांनी ती धुडकावली, हेही टाका. टोमणा पोचला.

पण माझा मूळ राग अजून तसाच आहे. रुंदू ते काटिमा मुलिलो पाचशेहून जास्त किलोमीटर आहे. तुम्ही लिहिलंय, 'नुसत्या झोपड्या, पाहण्यासारखं काही नाही.' तारेच्या वरची माणसं म्हणता ती हीच. अंगणं झाडणाऱ्या बायका, रस्त्याकडेला सरपणाच्या मोळ्या, शाळेतून मैलोन् मैल चालत येणारी मुलं, आडव्या येणाऱ्या गायी. सगळ्या प्रवासात एवढाच तुकडा तुमच्या मथळ्याला शोभणारा होता, आणि तो दोन ओळींत उरकलात.

दोघंभटके (तो)
खरं सांगू? त्या पट्ट्यात मी मागच्या सीटवर आडवा होतो. कंबर.

दोघंभटके (ती)
आणि लेख यानेच लिहिला. गायी मला आठवतात, चांगल्याच आठवतात, ब्रेक मीच मारत होते. एका ठिकाणी मोळी घ्यायला थांबले तर त्या बाईने आधी माझा हात बघितला, मग स्टिअरिंग, मग मागे झोपलेला हा, आणि खो खो हसली. दुसरा भाग मी लिहिते.

टायरकाका
त्यात पंक्चरचं नीट लिहा. वाळू लागली तेव्हा १.२ वर आणलं होतं का?