चीनच्या बंदरांतील पारशी व्यापाऱ्यांच्या खुणा

प्रश्न : एकोणिसाव्या शतकात मुंबईहून कापूस आणि अफू घेऊन चीनला जाणाऱ्या पारशी व्यापाऱ्यांच्या तिथे कोणत्या खुणा उरल्या आहेत? लवकरच हाँगकाँगला जाणार असल्याने जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर १ : सुरुवात मकाऊपासून करावी. चीनच्या त्या बंदरांत दखमा, म्हणजे पारशी लोक मृतदेह उघड्यावर ठेवतात तो मनोरा, नसल्याने मृतांना पुरण्यावाचून इलाज नव्हता, आणि म्हणूनच १८२९ साली तिथे सुरू झालेली पारशी दफनभूमी आज आपल्याला पाहायला मिळते. हाँगकाँगमधील हॅपी व्हॅलीची दफनभूमी १८५२ची आहे.

उत्तर २ : माझ्या मते खरी मौल्यवान जागा म्हणजे ग्वांगचौजवळच्या चांगचौ बेटावरील, म्हणजेच जुन्या व्हाम्पोआची, थडगी. ग्रॅनाइटवर इंग्रजीबरोबर गुजराती मजकूर कोरलेला आहे. कुठल्याही पारशी थडग्यावर यज्दगर्दी सन, म्हणजे पारशी कालगणनेतील वर्ष, आढळल्यास गोंधळू नये. त्यात ६३० किंवा, महिन्यानुसार, ६३१ मिळवले की इसवी सन निघतो.

उत्तर ३ : थडग्यांतच अडकू नका. हाँगकाँगच्या कौलून भागातला मोडी रोड होरमसजी मोदींच्या नावाचा आहे, आणि ज्या स्टार फेरीने आपण खाडी ओलांडाल, तिचा उगम दोराबजी नवरोजींच्या बोटींत आहे.