गव्हाच्या तांबेऱ्याच्या नोंदी : मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. शिरोळ भागात ऊस गेलेल्या रानात गव्हाचे वाण तांबेऱ्यासाठी तपासतोय. लोक-१ आहे, आपली खपलीही आहे. कडेने आणि मधे मधे 'आग्रा लोकल' या वाणाच्या ओळी आहेत. तो रोगाला लगेच बळी पडतो आणि तिथून बीजाणू वाऱ्याने बाकीच्यांवर जातात.

अडचण अशी की पाटाकडच्या आग्रा लोकलच्या पानावर बोट फिरवलं तर नारिंगी-तपकिरी भुकटी लागते, पण बांधाकडची तीच ओळ जवळजवळ स्वच्छ आहे. मग तिथले वाण खरंच प्रतिकारक, की रोग पोचलाच नाही? माझ्या मते त्या बाजूच्या नोंदी धरूच नयेत. तुम्ही काय करता? गहू पोटरीत आहे. संध्याकाळी बीजाणूंचं पाणी पुन्हा फवारलं तर आता उपयोग होईल का?

आणखी एक. रोगाचा गुणांक काढताना रोगाची टक्केवारी वाणाच्या प्रतिक्रियेच्या आकड्याने गुणतो. ४० एमआरचा (४० टक्के रोग, वाण मध्यम प्रतिकारक) गुणांक १६ येतो, ४० एमएसचा (रोग तितकाच, पण वाण मध्यम बळी पडणारा) ३२, म्हणजे नजर चुकली की निकाल दुप्पट! या दोन्हींतले फोड जवळून दाखवणारे फोटो कुणाकडे असतील तर कृपया टाका. महाबळेश्वरच्या गहू तांबेरा केंद्रात काम केलेलं कुणी असेल तर जरूर बोला.