चकली आणि शेव: एका वेताच्या दोघी

ए-२०३ (काकू): काल लिफ्टमध्ये बी-४०४ची कुत्री चकली माझ्या नातवावर गुरगुरली. तिचीच बहीण शेव आमच्या मजल्यावर आहे, कान ओढले तरी हूं की चूं करत नाही. लाडावून ठेवलंय, दुसरं काय!

बी-४०४: काकू, आधी सॉरी. नातू घाबरला नाही ना? पण लाडावलेली नाही हो, भित्री आहे. कोपऱ्यात अंग चोरून बसली होती, शेपूट पोटाखाली, सारखी नाक चाटत होती. बाळाने वरून डोक्याकडे हात नेला, तेव्हा ती गुरगुरली. म्हणजे ‘नको’ म्हणाली. त्याबद्दल मी तिला मुद्दामच रागावत नाही. गुरगुरणं दाबलं तर उद्या न सांगता चावेल.

सी-६०१ (आजोबा): ऐन दिवाळीत पार्किंगमध्ये जन्मल्या ना दोघी? फटाक्यांत जन्मलेलीला कुकरच्या शिट्टीची भीती?

ए-२०५ (शेवची आई): आजोबा, पिल्लांचे कान पहिले दोनेक आठवडे बंदच असतात. ती दिवाळी त्यांनी ऐकलीच नाही 😄 शेवला आम्ही दोन महिन्यांची असताना वर आणलं. मिक्सर, बेल, आमची दोन कार्टी, सगळं तेव्हाच अंगवळणी पडलं. साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात जे भेटतं त्याची त्यांना सहसा भीती राहत नाही. चकली पाच महिन्यांची होईस्तोवर जनरेटरमागे होती. माणूस दिसला की गाडीखाली.

बी-४०४: तेवढंच नाही गं. जनरेटरमागे दोघी होत्या तेव्हाही बिस्किटाला आधी शेव यायची. चकली आपण पाठ फिरवल्यावर. काही मुळातलंही असतं.

डी-१०२: म्हणून म्हणतो, जातिवंत घ्यावा. लॅब्राडोर बघा कसा शांत.

सी-३०३: दादा, आमचा लॅब्राडोर ३४ किलोचा. मिक्सर लागला की बाथरूममध्ये बादलीमागे लपतो. बादली त्याच्या निम्मी आहे हे त्याला कोण सांगणार! २०२२ मध्ये ‘सायन्स’ या विज्ञान नियतकालिकात अमेरिकेतल्या १८ हजारांहून जास्त कुत्र्यांची पाहणी आली होती. वागण्यातल्या फरकापैकी जातीमुळे जेमतेम ९ टक्के.

डी-१०२: 🙏

ए-२०३ (काकू): असेल सगळं. मी लिफ्टमधून कसं जायचं ते सांगा.

बी-४०४: तुम्ही आत असाल तर आम्ही पुढच्या फेरीला येऊ. पट्ट्याला पिवळी रिबीनही बांधते. ती दिसली की कोणीच हात लावायचा नाही, मोठ्यांनीसुद्धा.

सेक्रेटरी: टाकी धुणार आहेत, १ ते ४ पाणी बंद. आणि रिबीनचं नोटिस बोर्डावर लावतो.

बी-४०४: काकू, नातवाला रविवारी गार्डनमध्ये आणा. तिच्याकडे न बघता बाकावर बसायचं, शेजारी उकडलेल्या चिकनचा तुकडा ठेवायचा. यायचं की नाही ते तिला ठरवू दे.

ए-२०३ (काकू): चिकन आमच्या घरात येत नाही. पनीर चालेल?

बी-४०४: चालेल. बिनमिठाचं.