व्हिडिओ पेशंटच्या बाजूने बनवा
मोतीबिंदूच्या ऑपरेशनची माहिती द्यायला दाखवलेला व्हिडिओ पाहून पेशंट उलट घाबरतात, हा मुद्दा पटला. डोळ्यात शिरणारी उपकरणं जवळून दाखवली की तसंच होणार. हे ऑपरेशन बहुतेकदा थेंबांनी किंवा इंजेक्शनने डोळा बधिर करून होतं, पेशंट जागाच असतो. चेहऱ्यावर कापड असेल, प्रखर उजेड दिसेल, पाणी जाणवेल, खोकला येतोय असं वाटलं तर आधी सांगायचं, हे त्याला कळायला हवं. आणि ज्याला मुळात अंधुक दिसतं त्याच्यासाठी निवेदन स्पष्ट, सावकाश हवं. बनवणाऱ्यांनी याचा खरंच विचार करावा! ऑपरेशननंतर डोळ्यात औषधाचे थेंब घालायची पद्धत घरच्यांनाही दाखवा. नंतर दुखणं वाढलं किंवा नजर अचानक कमी झाली तर लगेच डॉक्टरांकडे जायचं, हेही त्यात हवंच.