विंडोज टाकताना मधेच पीसी रिस्टार्ट होतोय, प्रत्येक वेळी वेगळ्या टक्क्यावर

पेडण्याचा_पोरगा (रविवार, रात्री ११:४०)

नमस्कार मंडळी, चार दिवस झाले एकाच गोष्टीला लागलोय आणि आता सुचेनासं झालंय म्हणून इथे विचारतो. घरी जुना डेस्कटॉप आहे, आय३ फोर्थ जनरेशन, एच८१ बोर्ड, ४ जीबीच्या दोन रॅम म्हणजे ८ जीबी डीडीआर३, साधा एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा), ग्राफिक कार्ड वगैरे काही नाही. हार्ड डिस्क कुरकुर करायला लागली होती म्हणून नवीन २४० जीबी एसएसडी आणली आणि तिच्यावर विंडोज १० टाकायला घेतलं. पेनड्राइव्हवरून सेटअप नीट सुरू होतो, भाषा विचारतो, पार्टिशन करतो, मग "गेटिंग फाइल्स रेडी" वर टक्के पुढे जायला लागले की कधी ११ वर, कधी ३८ वर, एकदा तर ८४ पर्यंत गेलं आणि स्क्रीन काळी होऊन पीसी परत चालू. नऊ वेळा केलं. पेनड्राइव्ह बदलून झाला.

म्हापशाला एका दुकानात सीपीयू घेऊन गेलो, कदंबात मांडीवर घेऊन, त्यांनी दहा मिनिटं बघितलं न बघितलं आणि मदरबोर्ड गेलाय, नवीन पीसीच घ्या म्हणाले. आत्ता तेवढे पैसे नाहीत.

विंडोज ११ घाला म्हणू नका, फोर्थ जनरेशनला ते चालत नाही हे माहीत आहे. आणि विंडोजच पाहिजे कारण बाबा गावच्या हौशी मंडळाची नाटकं बसवतात आणि त्यांच्या वीसेक वर्षांच्या संहिता श्रीलिपीत (मराठी टायपिंगचं जुनं सॉफ्टवेअर) टाइप केलेल्या आहेत, दुसरीकडे उघडल्या की नुसती रोमन अक्षरं आणि चिन्हं दिसतात. फाइली पेनड्राइव्हवर सुरक्षित आहेत, ती काळजी नाही. पण जत्रेच्या नाटकाच्या तालमी सुरू व्हायच्यात आणि नटांना प्रती द्यायच्यात. कुणी सांगेल का नक्की काय तपासू?

पणजी_नाइट_शिफ्ट (रविवार, रात्री ११:५८)

भावा विंडोजचा सेटअप स्वतःच दोन-तीनदा रिस्टार्ट होतो, ते नॉर्मल आहे. फाइली कॉपी झाल्या की तो रिस्टार्ट मागतो, त्या वेळी पेनड्राइव्ह तसाच लावलेला असेल आणि बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या बोर्डच्या सेटिंगमध्ये) पहिला नंबर पेनड्राइव्हचा असेल तर परत पहिल्यापासून सेटअप सुरू होतो आणि माणसाला वाटतं अडकलाय. पहिला रिस्टार्ट झाला की पेनड्राइव्ह काढून बघ.

पेडण्याचा_पोरगा (सोमवार, सकाळी ७:१५)

दादा तसं नाहीये, तो रिस्टार्ट १०० टक्के झाल्यावर दहा सेकंद मोजून दाखवतो ना, तिथपर्यंत पोचतच नाही. मधेच खटकन जातो.

फोंडा_बेंचवरून (सोमवार, सकाळी ९:३०)

वीस वर्षं हेच काम करतोय म्हणून जरा लांब लिहितो, घाई करू नको आणि अजून एक रुपयाही खर्च करू नको.

तू एक फार कामाची गोष्ट सांगितलीस, टक्के प्रत्येक वेळी वेगळे. रिस्टार्ट रोज त्याच टक्क्यावर होत असता तर मी आधी पेनड्राइव्ह नाहीतर डाउनलोड केलेली फाइल खराब आहे का बघितलं असतं, कारण खराब फाइल एकाच जागी अडते. जागा बदलत राहिली की संशय तिघांवर: उष्णता, वीज, रॅम. बोर्ड सगळ्यात शेवटी. बोर्ड गेलाय म्हणणं सोपं असतं कारण ते सिद्ध करावं लागत नाही, मला ह्या वाक्याची मनापासून चीड आहे, त्याच्यापायी लोकांचे कितीतरी चांगले पीसी भंगारात गेलेत.

आता बघ. पेनड्राइव्ह काढ, एसएसडीची केबल पण काढ, पीसी चालू करून बायोसमध्ये जा आणि अर्धा तास तसाच सोड. बायोसमध्ये हार्डवेअर मॉनिटरचं पान असतं, तिथे सीपीयूचं तापमान दिसतं. ५०च्या आसपास येऊन थांबलं तर ठीक. ६०, ७०, ८० असं चढतच राहिलं तर पंख्याखालची पेस्ट सुकलीय किंवा पंख्याच्या चार पिनांतली एखादी सुटलीय, इंटेलबरोबर येणाऱ्या पंख्याच्या त्या पांढऱ्या-काळ्या प्लास्टिकच्या पिना साफसफाई करताना हमखास सुटतात. त्याच पानावर १२ व्होल्टची ओळ असते, ती ११.४ ते १२.६ च्या बाहेर जाता कामा नये. बायोसमधला आकडा मल्टिमीटरइतका खरा नसतो पण फारच खाली दिसला तर एसएमपीएस बघू.

आणि दुसरं, रिस्टार्ट व्हायच्या आधी निळी स्क्रीन येते का? क्षणभर येऊन जाते, डोळ्याला कळत नाही. मोबाइल समोर उभा कर, स्लो मोशनमध्ये व्हिडिओ घे आणि मग एकेक फ्रेम थांबवून बघ. निळी स्क्रीन येत असेल तर विंडोजला मरायच्या आधी बोलायला वेळ मिळतोय, मग वीज गेलेली नाही. काहीच न येता थेट काळं होत असेल तर एसएमपीएस किंवा उष्णता.

शाळेतली_बाई (सोमवार, दुपारी २:०५)

आमच्या शाळेच्या लॅबमध्ये असेच जुने पीसी आहेत, सत्तरीतला पाऊस तुम्हाला माहीत आहेच, जून ते सप्टेंबर भिंती घामेजलेल्या असतात. उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर शाळा उघडली की दोन-तीन तरी पीसी चालू होत नाहीत किंवा असे मधेच बंद पडतात, आणि बहुतेक वेळा रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर बुरसट थर आलेला असतो. साधं पांढरं खोडरबर घ्यायचं, पट्ट्या दोन्ही बाजूंनी हलक्या हाताने घासायच्या, खोडरबराचा चुरा मऊ ब्रशने झटकायचा आणि रॅम परत बसवायची, दोन्ही बाजूंचा टकटक आवाज येईपर्यंत. त्याआधी प्लग पूर्ण काढायचा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. तुम्ही समुद्राजवळ असाल तर खाऱ्या हवेने हे आणखी लवकर होतं. आधी हे करून बघा, पाच रुपयांचं काम आहे.

डिचोली_ऑडिओ (सोमवार, दुपारी ४:४०)

माझ्या मते एसएमपीएस. स्वस्त एसएमपीएसवर ४५० वॉट लिहिलेलं असतं पण लोड आला की दम सुटतो, आणि आपल्याकडे व्होल्टेज किती वरखाली होतं ते सांगायला नको. नवीन घाल, प्रश्न मिटेल. आणि सीपीयूच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येतात का? येत असतील तर घराचं अर्थिंग बघून घे. जुन्या घरात तीन पिनांचा सॉकेट असतो पण मागे अर्थची वायरच जोडलेली नसते. त्याने रिस्टार्ट होईलच असं नाही, पण ते धोक्याचं आहे, पीसी राहू दे, माणसाला.

फोंडा_बेंचवरून (सोमवार, संध्याकाळी ६:२०)

अर्थिंगचं बरोबर, ते करूनच घे. पण एसएमपीएस आत्ता विकत नको घेऊ रे, आधी फुकटातल्या तपासण्या संपव. बाईंनी सांगितलंय ते कर आणि मग मेमटेस्ट८६ प्लस हा रॅम तपासणारा प्रोग्राम पेनड्राइव्हवर टाकून लाव, छोटं आणि मोफत आहे. विंडोज लागत नाही, थेट बूट होतं. लाल ओळी आल्या तर रॅम. लाल काही न येता पीसी टेस्टच्या मधेच रिस्टार्ट झाला तर डिचोलीवाल्यांचं खरं, एसएमपीएस. म्हणजे एकाच टेस्टमध्ये दोघांचा निकाल.

पेडण्याचा_पोरगा (मंगळवार, रात्री १०:५०)

सगळ्यांचे आभार, आज सगळं केलं, क्रमाने सांगतो.

बायोसमध्ये अर्ध्या तासाच्या जागी पाऊण तास ठेवला. तापमान ४६ वरून ४९ वर गेलं आणि तिथेच थांबलं. १२ व्होल्टची ओळ १२.०९ दाखवत होती. रिस्टार्ट नाही.

मग बहिणीचा फोन डब्याला टेकवून स्लो मोशन लावला आणि सेटअप सुरू केला. पहिल्यांदा २७ टक्क्यांवर गेला. व्हिडिओ बघितला तर खरंच निळी स्क्रीन आहे, अर्धा सेकंदसुद्धा नसेल, आणि खाली बारीक अक्षरात मेमरी मॅनेजमेंट. परत केलं, तर ह्या वेळी पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया. दोन वेळा दोन वेगळी कारणं, म्हणून मी अजून गोंधळलो.

रॅम काढल्या. एक बरी होती. दुसरीच्या पट्ट्यांवर एका कोपऱ्यात हिरवट काळे ठिपके, आमचं घर किनाऱ्यापासून चालत दहा मिनिटांवर आहे. खोडरबराने घासली, ठिपके बरेचसे गेले, बसवली, सेटअप ६१ वर जाऊन परत रिस्टार्ट. झिणझिण्या येतात, हो, ते बाबांना सांगितलंय, वायरमन शनिवारी येतोय. आता मेमटेस्ट लावून झोपतो.

फोंडा_बेंचवरून (मंगळवार, रात्री ११:१०)

गोंधळू नको, उलट निळ्या स्क्रीनवर दर वेळी वेगळं कारण येणं हीच रॅमची खूण असते, कारण ज्या जागी चुकीचा आकडा वाचला जाईल तिथलं काम कोसळतं आणि ती जागा दर वेळी वेगळी. ड्रायव्हर खराब असता तर बहुधा एकच नाव सारखं आलं असतं. दोन्ही रॅम एकत्र ठेवून टेस्ट करू नको, एकेक ठेव.

पेडण्याचा_पोरगा (बुधवार, सकाळी ६:४५)

मिळालं!! बरी दिसणारी रॅम पहिल्या स्लॉटमध्ये एकटी ठेवून रात्रभर टेस्ट केली, चार फेऱ्या पूर्ण, एकही चूक नाही. सकाळी ती काढून ठिपकेवाली घातली, चहा होईपर्यंत स्क्रीन लाल. मग तीच रॅम दुसऱ्या स्लॉटमध्ये घातली, परत लाल. बरी रॅम दुसऱ्या स्लॉटमध्ये, काही नाही. म्हणजे स्लॉट चांगले, बोर्ड चांगला, फक्त एक रॅम गेलेली. आणि हे दुकानात कुणी एक रॅम काढून बघितलं असतं तरी दोन मिनिटांत कळलं असतं, ह्याचं खरंच वाईट वाटतं, तिथे बाबा माझ्याबरोबर होते आणि नवीन पीसी ऐकून गप्पच झाले होते.

एक विचारतो, जुन्या हार्ड डिस्कवर ह्याच रॅमवर विंडोज चालत होतं, कधीमधी हँग व्हायचं पण चालायचं. मग सेटअपलाच असं का?

फोंडा_बेंचवरून (बुधवार, सकाळी ९:००)

चांगला प्रश्न. खराब रॅम म्हणजे सगळी ४ जीबी खराब नसते, काही खाने खराब असतात. रोजच्या वापरात बाबा टाइप करतायत तेव्हा २-३ जीबी भरते, खराब खाने बहुधा रिकामे राहतात किंवा तिथे एखादं चित्र वगैरे पडतं, जरा बिघडलं तरी कळत नाही. सेटअपमध्ये विंडोजच्या हजारो फाइली एका मोठ्या दाबलेल्या फाइलीत असतात, त्या रॅममध्ये उलगडून डिस्कवर लिहायच्या असतात, तिथे एक बिट जरी उलटा झाला तरी पुढचा हिशोब चुकतो. आणि ते कधीमधी हँग व्हायचं म्हणतोस ना, तेही बहुतेक ह्याचंच.

आता ती रॅम बाजूला ठेव, चुकून सुद्धा परत घालू नको, कारण खराब रॅमवर इन्स्टॉल झालंच तर फाइली गुपचूप बिघडतात आणि बाबांच्या संहिता त्याच मशीनवर येणार आहेत. ४ जीबीवर विंडोज १० आणि श्रीलिपीचं काम होईल. नऊ वेळा अर्धवट लिहिलेली एसएसडी आहे, म्हणून सेटअपमध्ये सगळी पार्टिशन डिलीट करून मोकळ्या जागेवर नव्याने टाक. पेनड्राइव्ह मागच्या पोर्टला लाव, पुढच्या पोर्टची वायर आतून लांबून आलेली असते. आणि तो पेनड्राइव्ह पण नव्याने बनव, आधीचा ह्याच पीसीवर बनवला असशील तर त्यातली कॉपी बिघडलेली असू शकते.

पणजी_नाइट_शिफ्ट (बुधवार, दुपारी १२:३०)

एक लक्षात असू दे, विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यामुळे बँकेचं वगैरे त्या पीसीवर करू नका. मी तर म्हणेन इंटरनेट लावूच नको, नाटकाच्या टायपिंगला आणि प्रिंटला नेट कशाला पाहिजे. मेल वगैरेसाठी पाहिजेच असेल तर त्याच एसएसडीवर बाजूला लिनक्स मिंट (विंडोजसारखीच पण मोफत सिस्टिम) ठेव, जुन्या मशीनवर छान चालतं.

शाळेतली_बाई (बुधवार, दुपारी ३:१५)

संहिता हळूहळू युनिकोडमध्ये करून घ्या, कन्व्हर्टर मिळतात, जोडाक्षरं आणि रफार थोडे बिघडतात ते हाताने दुरुस्त करावे लागतात पण एकदा झालं की मोबाइलवर सुद्धा वाचता येतात. आम्ही शाळेच्या स्मरणिकांचं तसं केलं, मुलांनी दुपारच्या सुट्टीत बसून तपासलं. आणि पावसाळ्यात पीसी वापरा नका वापरू, दिवसाआड अर्धा तास चालू ठेवा, आतल्या उबेने ओल बसत नाही. प्लास्टिकचं कव्हर घालून ठेवत असाल तर काढा, आत दमट हवा कोंडते. जुना सुती पंचा घातलेला बरा, तोही बंद असताना.

पेडण्याचा_पोरगा (गुरुवार, रात्री ९:२०)

झालं. मावशीच्या लॅपटॉपवर पेनड्राइव्ह नव्याने बनवला, सगळी पार्टिशन उडवली, एका रॅमवर सेटअप लावला आणि १०० टक्के झाल्यावर तो दहा सेकंदांचा आकडा मी पहिल्यांदा बघितला. नंतर दोनदा रिस्टार्ट झाला, ते दोन्ही त्याचेच. श्रीलिपी चढली, बाबांनी पहिली फाइल उघडली तेव्हा आई पण स्वयंपाकघरातून बघायला आली. नेट लावलेलं नाही. प्लास्टिकचं कव्हर होतंच, बाई, आईने चवथीच्या आधी शिवलेलं, ते आता प्रिंटरवर पण घालत नाही.

पहिल्या अंकाच्या अकरा प्रती निघाल्या, दुसऱ्या अंकाच्या उद्या काढतोय. फोंड्याच्या भाऊंना विचारायचं होतं, ४ जीबीची डीडीआर३ सेकंडहँड घेतली तर घेताना दुकानातच मेमटेस्ट लावून बघायला किती वेळ पुरेल?

फोंडा_बेंचवरून (गुरुवार, रात्री ९:५५)

निदान एक पूर्ण फेरी. एका ४ जीबीला तुझ्या मशीनवर पाऊण तास धर. दुकानदार तेवढा वेळ द्यायला तयार नसेल तर तिथून घेऊ नको. पट्ट्या उजेडात धरून बघ, आणि तुझी चांगली रॅम बरोबर ने, दोन्ही एकत्र लावून पण एक फेरी होऊ दे, कधीकधी एकेकटी चालतात आणि जोडीने भांडतात. बाबांना नमस्कार सांग.